न्यूट्रलमधला उतार आणि रेंगाळणारा काटा

पुणे-बेंगळुरू महामार्गावर कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. कोल्हापूरहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला सगळीकडे एकच शब्द ऐकू येत होता, ‘ब्रेक फेल’. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून दिली होती, असे पुढे आले. त्यानंतर तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच परिसरात एक कंटेनर अनियंत्रित होऊन वाहनांवर आदळला, आग भडकली आणि माणसे दगावली. उताराची रचना, वेगमर्यादा, कॅमेरे यांवर दरवेळी चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये असावी, हा साधा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहतो.

कोल्हापूरकरांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. जिल्ह्याची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्रीचा कडा. आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांसारखा एखादा घाट उतरल्याशिवाय कोकण गाठता येत नाही. करूळ घाट काँक्रीटीकरणासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता. घाटातला रस्ता चांगला होणे ही स्वागताचीच गोष्ट आहे. पण खड्ड्यांनी जो वेग आपोआप रोखलेला असतो, तो गुळगुळीत रस्त्यावर मोकळा सुटतो. उतार मात्र पूर्वीइतकाच राहतो. तो सांभाळायचे काम ब्रेकइतकेच इंजिनाचेही आहे आणि इंजिन ते कसे करते, हे समजायला गिअर बदलताना डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा काय करतो, तिथपासून सुरुवात करावी लागते.

चाक आणि इंजिनाचे नाते

गाडी गिअरमध्ये असते आणि क्लच मोकळा असतो, तेव्हा इंजिन आणि चाके एकमेकांना पक्की बांधलेली असतात. इंजिनाच्या किती फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी, हे गिअरचे दाते ठरवतात. नेहमीच्या लहान पेट्रोल गाडीचे उदाहरण घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेरे घेते. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये ते २,००० च्या आसपास असते, चौथ्यात १,५०० च्या. गाडीगणिक आकडे थोडे बदलतात, पण प्रमाण हेच राहते.

क्लच दाबला, की ही गाठ सुटते. चाके गाडीच्या वेगाने फिरत राहतात आणि इंजिन मोकळे होते. आता दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकायचा आहे. गाडीचा वेग तोच आहे, पण इंजिनाला ३,००० वरून २,००० वर यायचे आहे. ते तिथे पोहोचले असताना क्लच सोडला, तर गाडीत बसलेल्याला गिअर बदलल्याचे कळतही नाही. इंजिन २,७०० वर असतानाच क्लच सोडला, तर उरलेल्या ७०० फेऱ्यांचा फरक क्लच प्लेट घासून भरून काढते. गाडी हिसका देते, प्लेट तापते आणि हे रोज शंभर वेळा झाले, की गॅरेजचे बिल लवकर येते.

येथे पायांचा क्रम महत्त्वाचा. अॅक्सिलरेटर आधी सोडायचा, क्लच त्याच्या पाठोपाठ दाबायचा. नवशिक्या चालकाचे उलटे होते. अॅक्सिलरेटरवर पाय असतानाच क्लच दाबला जातो. इंजिनावरचा भार अचानक निघून जातो आणि ‘गाडी ओरडते’. काटा ३,००० वरून खाली येण्याऐवजी ४,००० कडे झेप घेतो. गाडीत दोष नसतो. ओझे उतरलेल्या माणसाची चाल वाढावी, तसे हे असते.

ओझे उतरले आणि इंधनही कमी केले, तरी इंजिन जागच्या जागी मंदावत नाही. त्याला फ्लायव्हील हे जड चाक जोडलेले असते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. त्या धक्क्यांमधली पोकळी फ्लायव्हील आपल्या वजनाने भरून काढते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये ओतकाम पाहिलेल्यांना असे सुटे भाग किती वजनदार असतात, ते सांगायला नको. फ्लायव्हील जितके जड, तितके इंजिन संथपणे खाली येते. डिझेल गाड्यांचा काटा पेट्रोलपेक्षा सावकाश उतरतो, त्यामागे जड फिरत्या भागांचा वाटा मोठा आहे.

नव्या गाडीत काटा का रेंगाळतो?

गेल्या काही वर्षांत नवी गाडी घेतलेले अनेक जण एक तक्रार करतात. अॅक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, तरी काटा क्षणभर आहे तिथेच थांबतो आणि मग हळूहळू उतरतो. जुन्या गाडीत असे होत नसे, मग नव्या गाडीत बिघाड आहे का? बहुतेक वेळा नसतो. गाडी तसे मुद्दाम करते आणि त्यामागचे कारण आपल्या फुप्फुसांशी निगडित आहे.

जुन्या गाडीत अॅक्सिलरेटरला जोडलेली तार थेट इंजिनाच्या हवेची झडप उघडत-मिटत असे. आता पेडलखाली फक्त एक सेन्सर असतो. आपण पायाने विनंती करतो, झडप किती वेगाने मिटायची ते संगणक ठरवतो. हवेची झडप खाडकन मिटली, तर आतला दाब एकदम घटतो. तिथल्या भिंतींवर साचलेला पेट्रोलचा पातळ थर झटकन वाफ होऊन इंजिनात ओढला जातो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, अशा मिश्रणाचे ज्वलन अर्धवट होते आणि न जळलेले हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. दुसरीकडे, इंधन पूर्ण बंद केले तर धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये नुसती हवा जाते. त्यात ऑक्सिजन साचतो आणि पुढच्या वेळी अॅक्सिलरेटर दाबताच नायट्रोजन ऑक्साइड अडवण्याची त्याची क्षमता काही काळ कमी पडते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच हा कन्व्हर्टर तिन्ही विषारी घटकांवर नीट काम करतो. म्हणून गिअर बदलण्याच्या त्या एक-दोन सेकंदांत संगणक झडप सावकाश मिटतो. काटा रेंगाळतो तो त्यामुळे.

आपल्याकडे ‘भारत स्टेज ६’ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. त्याआधीच्या मानकांत पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडण्याची मुभा होती, ती ६० वर आली. डिझेल मोटारीची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली गेली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चालवण्यातही गाडी किती धूर सोडते, हे तपासले जाते. प्रत्यक्ष रस्ता म्हणजे सतत गिअर बदलणे आलेच. दाभोळकर कॉर्नर ते बिंदू चौक या अंतरात एखादा चालक किती वेळा क्लच दाबतो, हे मोजून पाहावे. प्रत्येक वेळी सुटणारा धुराचा छोटा झोत हिशेबात धरला, तर कंपन्यांनी त्या सेकंदाकडे इतके लक्ष का दिले, ते समजते. आपल्या पीयूसी चाचणीत हे झोत दिसत नाहीत. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते, गिअर बदलतानाची नव्हे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे. त्यामुळे काट्याचे रेंगाळणे थोडे कंटाळवाणे वाटले, तरी ते आपल्याच भल्याचे आहे. संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून ते घालवून देण्याची सेवा काही ठिकाणी मिळते. गाडी चपळ वाटते, पण मागच्या दुचाकीवर बसलेल्या मुलाच्या नाकात काय जाते, याचा विचार त्यात नसतो. चालकाने एवढेच करावे, की वरचा गिअर टाकताना घाई न करता हाताला अर्धा सेकंद जास्त द्यावा. काटा खाली आला, की क्लच सोडावा.

मात्र प्रत्येक रेंगाळणे निरोगी नसते. गाडी उभी असताना काटा बराच वेळ दीड-दोन हजारांवर अडकून राहिला, आपोआप वर-खाली झाला किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर कुठे हवेची गळती, मळलेली झडप किंवा पेडलखाली सरकलेले मॅट आहे का, ते पाहावे. दुसरी खूण क्लचची आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा उडी मारतो, पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट घसरते आहे. अशी गाडी घेऊन घाटात जाऊ नये.

खालचा गिअर: इंजिनच ब्रेक होते

आता उलटा प्रवास. तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायचा, म्हणजे २,००० वरच्या इंजिनाला ३,००० वर न्यायचे. क्लच नुसता सोडला, तर हे काम चाके करतात. ती इंजिनाला ओढून वर नेतात आणि त्या बदल्यात गाडीचा वेग खातात. गाडी पुढे झुकल्यासारखी वाटते, ती याचमुळे. क्लच सोडण्याआधी अॅक्सिलरेटरला हलकी टिचकी देऊन इंजिन आधीच ३,००० च्या जवळ आणले, तर गिअर लोण्यासारखा बसतो. जुन्या ट्रक-बसच्या चालकांचे ‘डबल क्लच मारणे’ हे याचेच थोरले रूप. गिअरचे दाते आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. ती नसलेल्या गिअरबॉक्समध्ये दोन वेळा क्लच दाबून, मध्ये रेस देऊन फेरे जुळवावे लागत. कानाने इंजिन ओळखणारी ती पिढी आरपीएमच्या काट्याकडे कधी पाहत नव्हती. निसानने २००९ च्या ३७० झेड या गाडीत हीच टिचकी संगणकाकडून देण्याची सोय केली.

अॅक्सिलरेटर सोडलेला आणि गाडी गिअरमध्ये असताना पेट्रोल इंजिनाची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टनना हवा मिळत नाही, ते पोकळीविरुद्ध ओढत राहतात. शिवाय आतले घर्षण असते. या सगळ्याचा विरोध चाकांपर्यंत पोहोचतो. गिअर जितका खालचा, तितका तो जास्त. वरच्या उदाहरणातल्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये हा विरोध चौथ्याच्या तुलनेत निदान दुप्पट असतो. डिझेल इंजिनात हवा अशी अडवली जात नाही, म्हणून तिथे विरोध कमी मिळतो. अवजड वाहनांना त्यासाठीच एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो. तो धुराची वाट अडवून इंजिनावर दाब आणतो.

घाटाचा हिशेब

चार माणसे बसलेली १,२०० किलोची मोटार ४०० मीटर उंची उतरते, असे समजा. त्या उतरण्यातून मोकळी होणारी ऊर्जा साधारण ४७ लाख ज्यूल भरते. खोलीच्या तापमानाचे १५ लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही होते. २५ टनांच्या ट्रकसाठी हाच आकडा ३०० लिटर पाण्याचा होतो. ही उष्णता कुठे तरी जायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असेल, तर तिचा मोठा भाग इंजिन घेते आणि रेडिएटर व धुराड्यातून बाहेर टाकते. ते काम इंजिन तासन्‌तास करू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर येतो.

ब्रेक तापले, की दोन गोष्टी घडतात. पहिली, पॅडमधला पदार्थ अति उष्णतेने वायू सोडू लागतो आणि पॅडची पकड कमी होते. दुसरी अधिक घातक असते. ब्रेक ऑइल उकळते. ‘डॉट ३’ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, ‘डॉट ४’ २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतले बाष्प शोषते. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर घसरते. गगनबावड्याच्या पावसात वर्षानुवर्षे फिरलेल्या आणि ऑइल कधीच न बदललेल्या गाडीचे काय होत असेल, याचा अंदाज यावा. ऑइलच्या जागी वाफेचे बुडबुडे येतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाशी टेकते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. गाडी थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात. ‘ब्रेक फेल’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या घटनेच्या मुळाशी चुकीचा गिअर असू शकतो, तो असा.

न्यूट्रल डिझेल वाचवते का?

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकण्यामागे एकच हेतू असतो, इंधन वाचवणे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात ते उलटे झाले आहे. गाडी गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडलेला आणि इंजिन पुरेशा फेऱ्यांवर असले, की संगणक इंधनाचा फवारा पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहायचे असते, त्यामुळे त्याला इंधन लागतेच. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांवर घोंगावत उतरणारी गाडी त्या क्षणी थेंबभरही पेट्रोल पीत नाही आणि न्यूट्रलमध्ये शांत उतरणारी गाडी पीत असते. आवाज आणि खर्च यांची आपल्या मनातली सांगड येथे चुकते. ‘एवढ्या रेसवर इंजिन खराब होईल’ ही भीतीही अनाठायी आहे. बहुतेक पेट्रोल इंजिनांची लाल रेषा ६,००० च्या आसपास असते. ३,००० म्हणजे तिच्या निम्मेच.

इंजिनच बंद करणे तर आत्मघात. मोटारीच्या ब्रेकला मदत करणारी पोकळी इंजिन तयार करते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा पेडल दाबले, की ती संपते आणि पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंगही जड होते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो.

मग करायचे काय?

‘ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुना नियम अजूनही उपयोगी आहे. फक्त आजची टर्बो इंजिनाची गाडी तिसऱ्यातही सहज चढते, म्हणून उतरताना एक गिअर खाली असू द्यावा. कसोटी सोपी आहे. पाय अॅक्सिलरेटरवर नसताना गाडी आपोआप वेग घेत असेल आणि ब्रेक सतत दाबावा लागत असेल, तर गिअर वरचा आहे. ब्रेक अखंड दाबून न ठेवता, वेग थोडा वाढला की ठामपणे दाबून सोडावा. गिअर उतार सुरू होण्याआधी आणि एकेक करून खाली आणावा. ताशी ८० वेगाला थेट दुसरा टाकला, तर आपल्या उदाहरणातले इंजिन ६,००० फेऱ्यांवर खेचले जाईल. तेव्हा इंजिनाला चाके फिरवत असल्यामुळे संगणकाची मर्यादाही ते रोखू शकत नाही. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरण्याचा धोका वेगळाच. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी किंवा कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे.

क्लच नसलेल्या गाड्यांनी हा प्रश्न सुटत नाही. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत गिअर यंत्र बदलते, पण पुढे उतार आहे हे त्याला दिसत नाही. मॅन्युअल मोडमध्ये घेऊन खालचा गिअर चालकानेच धरून ठेवावा लागतो. इलेक्ट्रिक गाडी उतारावर मोटरच्या साहाय्याने बॅटरी भरते आणि वेग रोखते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ती ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि हा आधार कमी होतो. घाटमाथ्यावरच्या मुक्कामात रात्रभर शंभर टक्के चार्जिंग करून सकाळी घाट उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उरतो प्रश्न शिकवण्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये परवान्याच्या चाचणीत काय तपासायचे, ते नमूद आहे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकता येणे, ही त्यातली एक स्पष्ट अट आहे. सपाट मैदानावरच्या चाचणीत ही अट तपासणार कशी? बोगदा किंवा घाट परीक्षेसाठी आणता येत नाही, हे खरे. पण जिल्ह्याला अनेक घाट लाभलेल्या कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूलने एक तास खऱ्या उतारावर द्यावा आणि परवाना देणाऱ्यांनी त्याची नोंद मागावी, यात अशक्य काही नाही. घाटाच्या तोंडाशी ‘सावकाश चालवा’ या फलकाखाली ‘दुसरा गिअर टाका’ एवढी एक ओळ वाढवायला तर खर्चही फारसा नाही. सावकाश म्हणजे नेमके काय, हे त्या ओळीने चालकाला सांगितले जाईल.